चुन्याची रेघ आणि एककानी टोप

बाबली तांडेलानं होडीच्या कुशीवर बोटानं चुन्याची रेघ ओढली, दोन पावलं मागं सरला, एक डोळा मिटून रेघेकडं बघितलं आणि जाहीर केलं,

"मास्तरांनू, ही रेघ पाण्याच्या वर दिसता तवसर होडी माजी. रेघ बुडली काय मगे होडी माजी नाय, खाडयेची."

"उत्तम," भिकाजी मास्तर म्हणाले. "रेघ दिसली पाहिजे. हा नियम." आणि बायकोकडं वळले. "ऐकलंस? एक होडी, एक फेरी, एक रेघ. आता सांग, तुझी पेटी कुठं बसणार?"

"माज्या उरावर," सुभद्रा म्हणाली.

बाबली गालात हसला. मास्तर हसले नाहीत. मास्तरांना हसायला वेळ लागायचा. साधारण दोन-तीन वर्षं.

एकोणीसशे एकोणसाठचा मे महिना. सोळा वर्षं वालावलीच्या शाळेत काढल्यावर मास्तरांची बदली मालवणला झाली होती. तिथं दोन खोल्यांचं भाड्याचं घर पत्रानंच ठरलं होतं. सामान कर्लीच्या खाडीतून सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीच्या पाण्याबरोबर, देवबागपर्यंत जायचं, तिथून पुढं बैलगाडीनं. होडी बाबलीची, आणि फेरी एकच, कारण त्यानंतर बाबली होडी वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवणार होता, ती थेट नारळी पुनवेपर्यंत.

आता पेटी. ती पायपेटी होती, पायांनी भाता मारायची, चार माणसांनी उचलायची. सुभद्रेचे वडील दशावतारी कंपनीत हीच पेटी वाजवायचे. जत्रेत संकासुर राक्षस आला की बाकीची पोरं आयांच्या पदरात तोंड लपवायची. ही मात्र बापाच्या पाठीमागं बसून त्याची बोटं बघायची. घरी येऊन पोळपाटावर तीच बोटं चालवायची. चपाती राहायची बाजूला आणि आई ओरडायची, "मेल्या पोळपाटाक सूर फुटलो काय गो?" म्हातारपणी बापानं दोन्ही मुलगे नि लेकीला समोर बसवलं आणि म्हणाला, "जेका वाजवूक येता, तेची पेटी." मुलगे एकमेकांकडं बघत राहिले. सुभद्रा पेटीपुढं बसली.

तेव्हापासून पेटी वालावलीत. दोन सूर तिनं कधीच सोडले होते. भात्याला उंदरांनी भोक पाडलं तेव्हा सुभद्रेनं काळ्या कापडाचं ठिगळ लावलं. हे कापड कुठलं, ते मास्तरांना आषाढात भर रस्त्यावर छत्री उघडल्यावर कळलं. पण दर एकादशीला तिन्हीसांजेला पडवीत पेटी बोलू लागली की आजूबाजूच्या घरांतल्या बायका कामं टाकून यायच्या, आणि मास्तर वह्या घेऊन मागच्या दारी जायचे.

"त्या वस्तूला उंदीर सोडून कोणी विचारत नाही," असं त्यांचं मत. ते घरातसुद्धा असं पुस्तकातलं बोलायचे. ठेच लागली तरी "अरेरे, लागले" म्हणायचे.

म्हणजे भानगड अशी होती. मास्तरांच्या मते घरातलं नको असलेलं सामान एकच, ते म्हणजे पेटी. सुभद्रेच्या मते पेटी सोडून बाकी सगळं.

"बाकीचां कमी केलां तर?" तिनं विचारलं.

"किती कमी करशील?"

"रेघ दिसासर."

मास्तरांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. बाबलीच्या साक्षीनं सांगतो. रेघ दिसली तर पेटी येईल. नाही दिसली तर देवळात ठेवू, भजनी मंडळ आहे, उंदीर आहेत. माझा शब्द."

मास्तरांचा शब्द म्हणजे शाळेची घंटा. पुढं-मागं व्हायचा नाही.

सुभद्रा कामाला लागली. पाळणा पहिल्या तासात गेला, शेजारच्या धोंडूच्या सुनेला सातवा महिना होता. वाटणाचा दगडी रगडा घरमालकाला. लाकडी जिना ज्याच्याकडून आणला होता त्याला. उरली ती भांडी, तेवीस. सोळा वर्षांत ज्याच्या घरी मूल पास झालं, त्यानं मास्तरांच्या घरी भांडं आणून दिलं होतं. टोप, कळशा, पराती, एक हंडा, आणि एक तांब्याचा जाडजूड टोप, ज्याचा एक कान कधीच मोडला होता. त्याला घरात एककानीच म्हणायचे. तो चुलीवरून उतरवताना दरवेळी एका बाजूनं आमटी नि दुसऱ्या बाजूनं शिव्या सांडायच्या.

भांडी विकणं शक्यच नव्हतं. मास्तरांची भांडी बाजारात दिसली असती तर तिन्हीसांजेपर्यंत मास्तरांनी जुगारात नोकरी घालवली इथपर्यंत गजाल गेली असती. टाकणं तर त्याहून वाईट. देऊनच टाकायची. पण देणार कशी? रिकामं भांडं कुणाच्या हातात देऊ नये, हे वालावलीत पाळण्यातलं पोरही जाणतं. आणि "आमका नको झाली, तुमका घेवा" असं तोंडानं म्हणणं म्हणजे शेजारणीच्या कानाखाली वाजवण्यासारखंच.

सुभद्रेला युक्ती सुचली आणि ती स्वतःवरच खूश झाली. घरात पोहे होते, गुळाची अर्धी ढेप होती. तेही संपवायचं होतंच. प्रत्येक भांड्यात मूठभर पोहे आणि गुळाचा खडा घातला, आणि सकाळी सकाळी सुटली.

"गो रुक्मिणी, ह्यां घे."

रुक्मिणी शेजारची. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. "काय हाडलंस?"

"काय नाय गो. फोव आनि गूळ. आता जातंव मां आमी... म्हटलां तुज्यासाठी."

"अगो बाये!" रुक्मिणीनं पदर डोळ्याला लावला. टोप घेतला. सुभद्रा वळली, आणि अंगणाच्या बाहेर पडल्यावर दोन उड्या मारून पुढच्या घरी. कावेरी. तुळसा. धोंडू. दुपारपर्यंत घरात जेवायपुरती स्वतःची चार भांडी उरली. सुभद्रा रिकाम्या स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून गोल फिरली. कुठंच काही लागलं नाही.

"बगितलास?" ती म्हणाली.

"बघतोय," मास्तर आरामखुर्चीतून म्हणाले. "अजून संध्याकाळ व्हायची आहे."

चार वाजता रुक्मिणी आली. हातात टोप. टोपात काठोकाठ कोकमाची सोलं, वर्षाची पुरतील इतकी, तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली.

"ह्यो तुजो टोप गो."

सुभद्रेचा चेहरा पडला. "अगो, टोप खयसून हाडलंस?"

"मगे? तुजो टोप ठेवन घेव? आनि रिकामो हाडू? तू गाव सोडून चललंस, थंय मालवणात तुका अशी सोलां कोण देतलो? घे!"

मागोमाग कावेरी आली, तिच्या डोक्यावर कळशी नि कळशीत कुळथाचं पीठ. तुळसा आली ती परातभर आंब्याची साठं घेऊन. कुणी काजू, कुणी सुंगटं म्हणजे सुकी कोलंबी, कुणी तिरफळं. आणि सगळ्यांत शेवटी धोंडू, हंडा मिठीत घेऊन, घामाघूम.

"मास्तरनीबाये, हंड्यात काय घालूचां तां समजाना. मगे म्हटलां फणस बसता काय बगूया."

"बसलो?"

"बसलो. जोर करून बसयलंय. आता भायर येना."

सुभद्रेनं वाकून बघितलं. हंड्याच्या तोंडातून फणस तिच्याकडं बघत होता.

मास्तर आरामखुर्चीत बसून एकेक भांडं आलं की एकेक बोट मोडत होते. हाताची बोटं संपली तेव्हा त्यांनी चपला काढल्या.

"गेली तेवीस," ते म्हणाले, "आली तेवीस, आणि प्रत्येकाचं पोट भरून आली. सकाळी घर जेवढं होतं, त्याच्या दुप्पट झालं. तू आणखी दोन दिवस असंच सामान कमी कर. बाबलीला सांगतो, मोठं गलबतच आण."

आता दुसरी कुणी असती तर डोक्याला हात लावून बसली असती. सुभद्रेनं पदर खोचला. तिचं म्हणणं असं पडलं की चूक भांड्यांची नाही, पोह्यांची आहे. पोहे फार थोडे होते. बायकांना वाटलं नुसता खाऊ आहे. भरगच्च दिलं तर समजतील. आणि द्यायला आता काय कमी होतं? कावेरीचं पीठ तुळसाला. तुळसाची साठं रुक्मिणीच्या जावेला. काजू इकडं, सुंगटं तिकडं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बावीस भांडी घेऊन निघाली. फक्त हंडा धोंडूकडं नेता येईना, कारण फणस धोंडूचाच होता.

मूठभर पोह्यांना ज्या गावानं परातभर साठं दिली, ते गाव परातभर साठांना काय देणार, हा हिशेब तिनं केलाच नव्हता. संध्याकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका घरातून तर भांड्याबरोबर कोंबडीसुद्धा आली. तिचे पाय सुंभानं बांधलेले होते, आणि ती मास्तरांच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून मास्तरांकडं एकटक बघत राहिली.

"ही कुठल्या भांड्यात आली?" मास्तरांनी विचारलं.

"एककानीत," सुभद्रा बारीक आवाजात म्हणाली.

पेटी कोपऱ्यात होती. तिच्यावर तीन परडी, दोन सुपं आणि कोकमाच्या आगळाची बरणी. सुभद्रेनं ती सगळी एकेक करून खाली ठेवली आणि पेटीवरची धूळ पदरानं पुसली. त्या रात्री ती नीट जेवली नाही. उद्याचा एक दिवस, परवा सकाळी भरती.

आणि अशाच घाबऱ्या घाईत तिसऱ्या दिवशी तिच्या हातून ते झालं. उठल्या उठल्या तिनं हाताला लागलं ते गाठोडं एककानी टोपात घातलं, टोप काखेत मारला आणि पहिल्याच घरी शिरली.

"गो रुक्मिणी, ह्यां घे. तुज्यासाठी."

रुक्मिणीनं टोप घेतला. आत बघितलं. परत बघितलं. मग गाठोडं दोन बोटांनी उचलून उजेडात धरलं, हिरवं, जुन्या लुगड्याचं.

"सुभद्रा. ही चिंधी कोणाची?"

सुभद्रेनं बघितलं आणि तिच्या पायांखालचं शेण सारवलेलं अंगण हललं.

"माजी सोलां!" रुक्मिणीचा आवाज लक्ष्मी-नारायणाच्या देवळाच्या तळ्यापर्यंत गेला असणार. "माजी सोलां माकाच? चार दिस उन्हात उबी रवान सुकयलंय मी! तुका नको झाली तर तोंडान सांगूचां हुतां! शिरा पडो त्या सोलांर!"

"अगो नाय गो, आयक—"

"काय आयकू? गो कावेरी! गो तुळसा! येवा गो, बगा, मास्तरीण माजी सोलां माका विकता!"

कावेरी धावत आली. तुळसा आली ती हातात झाडू घेऊन. आणि एकदा तोंडं उघडल्यावर काय विचारता.

"माका काल कुळथाचां पीठ दिल्यान," तुळसा म्हणाली.

"तां माजां! माज्या जात्याचां! माजां पीठ तू खाल्लंस?"

"खाल्लंय, आनि बारीक नाय हां दळलंस. दातात कचकचता."

"कचकचता? मगे तुजी साठां? रुक्मिणीच्या जावेकडे बगितलंय मी, चिकटून हातापासून सुटनत!"

"माजी साठां तिच्याकडे खयसून गेली?"

सगळ्यांचे डोळे हळूहळू सुभद्रेकडं वळले.

सुभद्रा रुक्मिणीच्या पायरीवर मटकन बसली. एककानी टोप मांडीवर घेतला, आणि मग सगळं सांगून टाकलं. होडी, रेघ, मास्तरांचा शब्द, पेटी. "माका भांडी देवची हुती गो, फोव नाय. टोप तुमका. कळशी तुमका. तुमी मेल्यांनू भरून भरून परत हाडतास, आनि माजी पेटी चलली देवळातल्या उंदरांकडे!"

तुळसाच्या हातातला झाडू थबकला.

"म्हणजे," रुक्मिणी सावकाश म्हणाली, "ती कोंबडी..."

"ती पन इली."

"आनि धोंडूचो फणस..."

"हंड्यात आसा. अजून."

पहिली हसली ती कावेरी, नाकातून, दाबून. मग तुळसा. मग रुक्मिणी अशी हसली, की पायरीवर सुभद्रेच्या शेजारी कोसळली आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत बसल्या, मध्ये एककानी टोप.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. डोळे पुसून रुक्मिणी म्हणाली, "तां काय असूंदी. भांडी आमी ठेवूचंव नाय."

"कित्याक?"

"मास्तरांनी आमची पोरां शिकयली आनि आमी तेंचीच भांडी घरात घालू? गाव म्हणतलो, जाताना मास्तरांका लुबाडल्यानी."

बाकीच्यांनी माना हलवल्या. सुभद्रा टोपाच्या एकुलत्या एका कानाशी चाळा करत राहिली. आणि एकदम थांबली.

"देतंय म्हणान कोण सांगता?" ती म्हणाली. "मी ठेवतंय."

"म्हणजे?"

"ठेव म्हणान ठेवतंय. रामनवमीक येतलंय मी. येतलंय मां? तुज्याकडे जेवलंय तर माज्या टोपात. कावेरीकडे रवलंय तर पानी माज्या कळशीतलां. परात तुळसाकडे. ज्या घरात जायन थंय माजां भांडां आसतलां. कोणाची ठेव कोण परत करता काय, धनीण येयसर?"

रुक्मिणीनं तिच्याकडं डोळे बारीक करून बघितलं. ठेव म्हटल्यावर परत करता येत नव्हती, आणि परत करायची नाही म्हणजे भरायचा प्रश्नच नव्हता. "गो," ती म्हणाली, "तुजो घोव मास्तर नसतो तर तूच मास्तर जातंस."

"आनि ह्यां सगळां?" तुळसानं विचारलं. "पीठ, साठां, सुंगटां?"

"खावया!" सुभद्रा उठली. "आज दुपारी. माज्या खळ्यात. हाडा सगळ्यांनी पत्रावळी."

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, झालेल्या त्या दुपारच्या जेवणाची गोष्ट वालावलीत पुढं कितीतरी वर्षं सांगत. कुळथाची पिठी, सुंगटांची किसमूर, काजूची उसळ, सोलांची कढी घागरीनं. कोंबडी तेवढी वाचली. मास्तरांनी तिची बाजू घेतली. "कालपासून ही माझ्याकडं बघत बसली आहे," ते म्हणाले, "मला घास जाणार नाही." तिला तुळसाकडं ठेव म्हणून ठेवली. धोंडूनं आयुष्यात पहिल्यांदा हंड्यात हात घालून आतल्या आत फणस कापला, आणि लोकांनी रांगेनं येऊन हंड्यातून गरे काढून खाल्ले.

मग सुभद्रा पेटीपुढं बसली. भात्यातून आधी मास्तरांच्या छत्रीचा उसासा आला, आणि मग सूर. जिथं सूर नव्हते तिथं बायकांनी गळ्यानं भरून काढले. इतक्या वर्षांत ती दोन भोकं कुठं आहेत ते सगळ्यांना पाठ झालं होतं. मास्तर या वेळी मागच्या दारी गेले नाहीत, कारण मागच्या दारी उष्ट्या पत्रावळी होत्या. ते खांबाला टेकून बसले, चेहरा परीक्षेच्या दिवसासारखा. पण पायाचा अंगठा ताल धरत होता. मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. सगळ्या खळ्याला दिसत होतं.

संध्याकाळी प्रत्येक बाई आपापली ठेव घेऊन गेली. एककानी तेवढा कुणी घेईना.

"ह्यो नको गो," कावेरी म्हणाली. "रामनवमीक तू येतलंस आनि म्हणतलंस, कान खंय गेलो?"

सुभद्रेनं अंधार पडायच्या आत तो गुपचूप रुक्मिणीच्या तुळशीमागं ठेवला आणि पळून आली.

सकाळी भरती फुगून काठाला लागली होती. अर्धं गाव धक्क्यावर. दोन ट्रंका, वळकटी, तांदळाचं पोतं, मास्तरांची आरामखुर्ची, आणि चौघांनी उचललेली पेटी होडीच्या मधोमध, चादरीत गुंडाळलेली, नवरीसारखी. सुभद्रा चढली. मास्तर छत्री घेऊन चढले. बाबली चढला आणि वाकून बघितलं.

"रेघ नाय दिसना."

"किती?"

"दोन बोटां बुडली."

धक्क्यावर कुजबूज. रुक्मिणी पाण्यात गुडघाभर उतरली आणि होडीत वाकून शोधू लागली. "ह्यां काय खुर्चेखाली? मास्तरांनू!"

वर्तमानपत्रांचे तीन गठ्ठे. बेचाळीस सालापासूनची, सुतळीनं बांधलेली.

"ती महत्त्वाची आहेत," मास्तर म्हणाले.

"वाचतास परत?"

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "...उतरवा." गठ्ठे बाहेर गेले, तुळसानं तिथल्या तिथं वाटून घेतले, सुकं मासळं बांधायला. मास्तरांनी तिकडं बघायचं टाळलं.

"आता?"

"एक बोट."

आरामखुर्ची उतरली. तिच्यावर धोंडू लगेच बसला.

बाबली पोटावर झोपून पाण्याशी डोळा नेऊन बघत होता. "नाय हो. वायच. वायच बुडलेलीच आसा." आणि सुकती लागली होती, धक्क्याचा ओला पट्टा दिसू लागला होता. "काय तां झटाझट करा. पाणी थांबूचां नाय."

आता होडीत जे होतं त्यातलं काहीच सोडण्यासारखं नव्हतं. सुभद्रेनं ट्रंकांकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. मग ती उठली आणि पेटीच्या चादरीवर हात ठेवला.

"बाबली," ती म्हणाली, "उतरव पेटी."

तीन दिवस बडबडणाऱ्या बाईचा आवाज असा सरळ, पट्टीनं ओढल्यासारखा निघालेला कुणी ऐकला नव्हता.

"हेंचो शब्द आसा. रेघ दिसाक व्हयी. नाय दिसली. उतरव."

चौघे पुढं झाले. एकानं चादरीला हात घातला.

"थांबा."

मास्तर उभे राहिले होते. होडी डुचमळली, बाबली ओरडला, पण मास्तर उभेच. "मी काय म्हणालो होतो? रेघ दिसली पाहिजे. एवढंच ना?"

"व्हय."

"दिसण्यासाठी कोणी उतरायचं, ते मी म्हणालो नव्हतो."

आणि छत्री काखेत मारून, धोतर गुडघ्याच्या वर खोचून, भिकाजी मास्तर होडीच्या काठावरून पाण्यात उतरले. तोल गेला. एक पाय चिखलात, दुसरा हवेत, हातानं रुक्मिणीचा खांदा धरला, आणि सोळा वर्षांत वालावलीनं जे ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"आयशीचो घो! धरा रे माका!"

धक्का हसण्यानं फुटला. धोंडू आरामखुर्चीतून पडला. होडी टुणकन वर आली, आणि बाबली पोटावर पडल्या पडल्या बोंबलला,

"दिसली! दिसली रे रेघ!"

पांढरी, कोरी, पाण्याच्या वर अर्धं बोट.

"बगलंस गो सुभद्रा!" रुक्मिणी ओरडली. "तीन दिस नको असलेलां सामान सोधी हुतंस! ह्यो बग, मास्तर निघालो!"

सुभद्रा पेटीला टेकून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. होडी सुटली. मास्तर गुडघाभर पाण्यात उभे राहून हात हलवत होते. "चल फुडे गो! मी कुडाळवरून यष्टी धरून येतंय!" एकदा सुटली ती जीभ आता आवरत नव्हती.

मास्तर घरावरून कुडाळच्या वाटेला लागले तेव्हा रुक्मिणी आडवी आली. तुळशीमागं सकाळी तिला जे सापडलं होतं ते तिच्या हातात होतं.

"रिकाम्या हातान वाट चलू नये, मास्तरांनू."

एककानी टोप. आत हिरव्या चिंधीतली सोलं.

मास्तर अडीच कोस चालले, कधी टोप काखेत, कधी डोक्यावर. यष्टीत तो मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं वाकून बघितलं.

"मास्तर, ह्येका कान एकच कसो?"

"म्हणान बायलेचां अर्धांच आयकता," मास्तर म्हणाले. कंडक्टर हसला, पुढचा प्रवासी हसला, आणि मास्तर स्वतःच इतके चकित झाले की त्यांनी ते कट्टा गाव येईपर्यंत मनातल्या मनात आणखी दोनदा म्हणून बघितलं.

मालवणात उतरले तेव्हा उन्हं कलली होती. घर त्यांनी बघितलेलं नव्हतं. पत्रात "बाजारामागे, पिंपळापासून उजवीकडे" एवढंच होतं. पिंपळापासून उजवीकडं दोन गल्ल्या निघत होत्या. मास्तर टोप सावरत मधोमध उभे राहिले.

विहिरीवर पाणी ओढणाऱ्या बाईनं विचारलं, "कोणाकडे जावचां?"

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि मग मान तिरकी करून ऐकलं. डावीकडच्या गल्लीत काही नव्हतं. उजवीकडून सूर येत होते, भात्याच्या उसाशासकट.

"थंय," त्यांनी बोट दाखवलं. "पेटी वाजता मां, थंय."

"ती व्हय? दुपारपासून वाजता. बरी वाजयता बाय. पन मधीच दोन सूर खाता."

"दोनच खाता मां?" मास्तरांनी एकदा खात्री करून घेतली, आणि टोप डोक्यावर घेऊन गल्लीत शिरले. "मगे आमचीच."